एका अंगातून दुसऱ्या अंगात: परजीवी आणि विषाणूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राण्यांमधले परजीवी आणि विषाणू या विषयावर लिहायला लागल्यापासून वाचकांचे ठरावीक प्रश्न फिरून फिरून येत राहतात. शब्द बदलतात, शंका तीच असते. म्हणून ते एका जागी मांडले आहेत. प्लेग, क्षय वगैरे जिवाणूंचे रोग मुद्दाम बाहेर ठेवले आहेत, नाहीतर हे पान संपलंच नसतं.

वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. घर मिळवून त्यात राहणं या जिवांना एक वेळ जमतं. त्यांची खरी अडचण असते ती बिऱ्हाड बदलण्याची. यजमान आज ना उद्या मरणार किंवा बरा होणार. त्याआधी पुढचं घर गाठलं नाही तर वंश संपला.

१. परजीवी आणि विषाणू एकच ना? दोघेही दुसऱ्याच्या जिवावर जगतात.

रीत सारखी, जात वेगळी. परजीवी म्हणजे पेशी असलेले सजीव. हिवतापाचा प्लाझ्मोडियम एकपेशीय आहे, जंत बहुपेशीय आहेत, गोचिडी-उवा-पिसवा तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हे सगळे खातात, वाढतात, पिल्लं किंवा अंडी घालतात. विषाणूला पेशीच नसते. प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला डीएनए किंवा आरएनए, बस. पेशीबाहेर तो काहीही करत नाही. पेशीत शिरला की तिचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढून घेतो. त्यामुळे विषाणू 'किती काळ जगतो' यापेक्षा 'किती काळ शाबूत राहतो' असं विचारणं जास्त बरोबर (प्रश्न ४).

२. मुख्य यजमान, मध्यस्थ यजमान, साठा... हे सगळे शब्द एकदा नीट सांगाल का?

ज्याच्या अंगात परजीवी राहतो तो यजमान. ज्याच्यात तो प्रौढ होतो आणि नर-मादीचं मीलन होतं, तो मुख्य यजमान. ज्याच्यात त्याची अर्धवट वाढ होते, तो मध्यस्थ. या हिशेबाने हिवतापाच्या परजीवीचा मुख्य यजमान डास आहे आणि माणूस मध्यस्थ! माणसाच्या अहंकाराला हे फारसं मानवत नाही, पण मीलन डासाच्या पोटात होतं, त्याला इलाज नाही.

साठ्याचा प्राणी म्हणजे ज्याच्यात रोगकारक वर्षानुवर्षं टिकून राहतो, बहुतेकदा त्या प्राण्याला फारसा त्रास न देता. आणि काही यजमान रस्ता संपतो तिथले असतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू पाणपक्षी, डुकरं आणि क्युलेक्स डास यांच्यात फिरतो. तो माणसाला गंभीर आजारी पाडतो, पण माणसाच्या रक्तात त्याचं प्रमाण इतकं कमी असतं की चावणाऱ्या पुढच्या डासाला लागण होत नाही. रुग्णाच्या दृष्टीने संकट, विषाणूच्या दृष्टीने चुकलेली वाट.

३. एका प्राण्यातून दुसऱ्यात जायचे मार्ग तरी किती?

मोजके आहेत, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

विष्ठेतून बाहेर पडून तोंडावाटे आत जाणं हा जुना राजमार्ग. यात बहुतेक अंडी वाया जातात, म्हणून ती भरमसाट घालावी लागतात. माणसाच्या आतड्यातली गोल जंताची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. श्वासातून पसरणाऱ्या विषाणूला यजमानांची दाटी लागते. एकलकोंड्या प्राण्यांमध्ये तो टिकत नाही. काही गिळलं जाण्याची वाटच पाहत नाहीत: हुकवर्म या जंताच्या अळ्या ओल्या मातीत थांबतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून सरळ आत घुसतात. काही आईकडून पिल्लाकडे जातात, गर्भातून किंवा दुधातून. कुत्र्याची पिल्लं बऱ्याचदा जन्मतःच जंत घेऊन येतात, कारण आईच्या स्नायूंत झोपलेल्या अळ्या गरोदरपणात जाग्या होतात.

उरले दोन मार्ग, ज्यांत कारागिरी दिसते. एक म्हणजे वाहक: डास, गोचीड, वाळूमाशी. वाहक परजीवीला थेट पुढच्या रक्तापर्यंत पोचवतो, मधला उघड्यावरचा प्रवासच वाचतो. दुसरा म्हणजे खाल्लं जाणं. मध्यस्थ यजमान हा मुख्य यजमानाचा घास असेल, तर परजीवीने फक्त तो घास लवकर पकडला जाईल एवढं पाहायचं. प्रश्न ६ मधल्या सगळ्या अजब गोष्टी या एका सोयीतून आल्या आहेत.

४. शरीराबाहेर विषाणू किंवा जंताची अंडी किती दिवस टिकतात?

वेष्टनावर अवलंबून आहे. काही विषाणूंभोवती चरबीचं पातळ आवरण असतं: फ्लू, कोरोना, रेबीज, निपा. हे आवरण साबणाने विरघळतं, उन्हाने आणि कोरडेपणाने फाटतं, आणि ते गेलं की विषाणू निकामी. ज्यांना हे आवरण नसतं ते जास्त चिवट. कुत्र्यांचा पार्व्हो त्यातलाच. हा विषाणू १९७८ मध्ये जगभर एकाएकी पसरला. आजारी पिल्लू गेलं तरी त्याच्या जागेत तो कित्येक महिने शाबूत राहू शकतो. म्हणूनच त्या जागी लस न झालेलं दुसरं पिल्लू आणू नका असं पशुवैद्य सांगतात.

जंतांची अंडी याहूनही टणक. गोल जंताची अंडी ओलसर, सावलीच्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी तर क्लोरिनलाही दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तो नळाच्या पाण्यातून पसरला आणि अंदाजे चार लाख लोकांना जुलाब झाले. पाण्यात क्लोरिन होतं. त्याला आवर घालायला गाळणी लागते किंवा उकळणं.

५. शरीरात प्रतिकारशक्ती असते, तरी हे वर्षानुवर्षं आत कसे राहतात?

लपून, वेष बदलून, किंवा झोपून.

वेष बदलण्यात आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोम हा एकपेशीय परजीवी सगळ्यांचा गुरू. त्याच्या अंगावर एकाच प्रथिनाचा दाट कोट असतो. शरीर त्या कोटाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, बहुतेक परजीवी मरतात, पण तेवढ्यात काहींनी कोट बदललेला असतो. पुन्हा वाढ, पुन्हा लढाई, पुन्हा नवा कोट. त्याच्या जनुकांच्या कपाटात असे हजाराहून जास्त कोट टांगलेले आहेत. या रोगात ताप लाटांनी येतो तो यामुळेच.

शिस्टोसोमा हा चपटा कृमी रक्तवाहिनीत, म्हणजे पहारेकऱ्यांच्या वाटेतच, संसार थाटतो. यजमानाचेच रेणू तो अंगाला फासून घेतो, त्यामुळे शरीराला तो घरचाच वाटतो. त्याची नर-मादी जोडी कित्येक वर्षं तशीच राहते. हिवतापाचा व्हायव्हॅक्स प्रकार यकृतात झोपतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी उठतो. रक्ततपासणी स्वच्छ आली म्हणून अर्धवट सोडलेलं औषध इथेच अंगाशी येतं.

६. परजीवी प्राण्याच्या मेंदूचा ताबा घेतात, त्याला 'झोंबी' बनवतात हे खरं का?

वागणं बदलतात हे खरं. 'ताबा घेतात' हा शब्द मला खटकतो, कारण त्यात कुणीतरी आत बसून सुकाणू फिरवतंय असं वाटतं. प्रत्यक्षात निवड चालते: ज्या परजीवीमुळे यजमानाचं वागणं योगायोगाने सोयीचं बदललं, त्याची संतती जास्त पोचली. लाखो पिढ्या हेच चाललं की परिणाम जादूसारखा दिसतो.

डायक्रोसीलियम हा मेंढ्यांच्या यकृतातला कृमी घ्या. अंडी लेंडीतून बाहेर, ती खाते गोगलगाय. तिच्या चिकट स्रावातून अळ्या बाहेर, त्या खाते मुंगी. आता मुंगीच्या पोटातून मेंढीच्या पोटात जायचं, आणि मेंढी काही मुंग्या खात नाही. मुंगीच्या अंगात शिरलेल्या अळ्यांपैकी बहुतेक पोटात थांबतात, एखादी मात्र डोक्यातल्या चेतापुंजापाशी जाऊन बसते. संध्याकाळी हवा गार झाली की ती मुंगी गवताच्या पात्यावर चढते आणि जबड्याने शेंडा घट्ट धरून लटकते. गवतासोबत मेंढीने गिळली तर काम झालं. नाही गिळली आणि सकाळी ऊन तापलं, तर मुंगी पकड सोडते, खाली उतरते आणि इतर मुंग्यांसारखी कामाला लागते. उन्हात लटकत राहिली असती तर भाजून मेली असती, आणि सोबत अळीही. डोक्यातली ती एक अळी बहुधा मेंढीत जाऊन वाढत नाही. बाकीच्यांसाठी तिचा बळी जातो. हे प्रथम वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

केसकृमी रातकिड्याच्या पोटात वाढतो, पण त्याचं प्रौढपण पाण्यात. पूर्ण वाढ झाली की रातकिडा पाण्यात उडी घेतो आणि त्याच्यापेक्षा कितीतरी लांब कृमी वळवळत बाहेर येतो. टोक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीची लागण झालेल्या उंदरांची मांजराच्या वासाची भीती कमी होते, आणि टोक्सोप्लाझ्माचा मुख्य यजमान मांजरच आहे. या शोधावरून माणसांच्या स्वभावाबद्दल जे दावे फिरतात त्यांचा पुरावा मात्र कच्चा आहे.

विषाणूंमध्ये रेबीज. तो चाव्याच्या जागेवरून चेतातंतूंच्या वाटेने मेंदूत जातो, तिथून लाळग्रंथीत उतरतो. त्याच सुमाराला प्राणी बिथरतो, चावत सुटतो, आणि गिळण्याचे स्नायू आवळल्यामुळे लाळ तोंडातच साचते. लाळेत विषाणू, तोंडात लाळ आणि चावायची खुमखुमी, तिन्ही एकाच वेळी.

७. घरात मांजर आहे आणि मी गरोदर आहे. टोक्सोप्लाझ्माच्या भीतीने मांजर सोडून द्यावं का?

नाही. भीती असते ती गर्भाला लागण होण्याची. पण मांजराला पहिल्यांदा लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडेच त्याच्या विष्ठेतून परजीवीची कवचबंद रूपं बाहेर पडतात, आणि बहुतेक मांजरांच्या आयुष्यात हे एकदाच होतं. बाहेर पडल्यावर ती लगेच लागण करत नाहीत. तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे विष्ठेचा डबा रोजच्या रोज दुसऱ्या कुणी साफ केला तर धोका खूपच घटतो. अर्धकच्चं मांस, न धुतलेल्या भाज्या आणि हातमोज्यांशिवाय मातीत काम, यांकडे जास्त लक्ष द्या. रक्ततपासणी करायची का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

८. हत्तीरोगाची रक्ततपासणी रात्रीच का करतात?

कारण हा रोग करणाऱ्या जंतांची पिल्लं रात्रीच बाहेरच्या रक्तात येतात. दिवसा ती फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास कातडीजवळच्या रक्तात गर्दी करतात. त्यांना वाहून नेणारे डास त्याच वेळी चावतात. पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरांनी १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात हे जंत डासात शिरतात हे दाखवलं. एखादा परजीवी किडीत वाढतो याचा तो फार महत्त्वाचा पुरावा होता. पुढे असं दिसलं की रुग्णाने झोपेची वेळ उलटी केली तर काही दिवसांत जंतांचं वेळापत्रकही उलटतं. घड्याळ यजमानाचं, वापरतो परजीवी.

उलट उदाहरणही आहे. आफ्रिकेतल्या लोआ लोआ जंताला दिवसा चावणारी माशी नेते. त्याची पिल्लं दिवसा रक्तात येतात.

९. डास चावल्याने हिवताप होतो, मग एचआयव्ही का होत नाही? रक्त तर तेच.

डास म्हणजे उडती सुई, ही समजूत चुकीची आहे. रक्त शोषायची नळी आणि लाळ सोडायची नळी वेगळी असते; आधीच्या माणसाचं रक्त तो पुढच्याच्या अंगात टोचत नाही. पुढच्या माणसात जातं ते लाळेतलं. त्यामुळे जंतूला डासाच्या पोटातून निघून लाळग्रंथीपर्यंत जिवंत पोचावं लागतं. हिवतापाचा परजीवी हे करतो, त्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. एचआयव्हीला डासाच्या पेशीत शिरताच येत नाही, तो रक्तासोबत पचून जातो. रोनाल्ड रॉस या डॉक्टरांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला ॲनोफिलीसच्या जठराच्या भिंतीवर जे काळसर ठिपके असलेले गोळे पाहिले, ते या प्रवासाचा पहिला मुक्काम होते.

१०. प्रत्येक नवा विषाणू वटवाघळातूनच कसा येतो?

प्रत्येक नाही, पण बरेच, हे मान्य. एचआयव्ही चिंपांझीतून आला, फ्लूचं माहेर पाणपक्ष्यांकडे आहे. वटवाघळांचा हिशेब करताना आधी संख्या पाहायला हवी: त्यांच्या १,४०० पेक्षा जास्त जाती आहेत, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या पाच जातींमागे जवळपास एक. जाती जास्त तर विषाणूही जास्त. त्यात ती दाटीने लटकतात, आकाराच्या मानाने खूप वर्षं जगतात आणि लांब उडतात.

त्यांच्या शरीराची खासियतही आहे. उडताना चयापचय प्रचंड वाढतं, पेशींची मोडतोड होते. त्या मोडतोडीवर दाहाची आग भडकू नये अशी सोय वटवाघळांत झालेली आहे, आणि तीच विषाणूंच्या बाबतीतही कामी येते. वटवाघूळ विषाणूला काबूत ठेवतं, पण त्याच्याशी लढताना स्वतःचं घर जाळत नाही. माणसाला अनेकदा विषाणूपेक्षा त्या आगीचाच त्रास जास्त होतो. याला अपवाद रेबीजचा. तो वटवाघळांनाही मारतो.

११. मग तो विषाणू वटवाघळातून माणसापर्यंत पोचतो कसा? आपण तर त्यांच्या जवळही जात नाही.

बहुतेक वेळा मध्ये कुणीतरी असतं. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपा आला तेव्हा फळबागांना लागूनच डुकरांचे मोठे गोठे होते. फळं खाणाऱ्या वटवाघळांची उष्टी फळं, लाळ, मूत्र गोठ्यात पडलं. डुकरांत विषाणू वाढला, त्यांच्या खोकल्यातून गोठ्यात काम करणाऱ्यांना लागला. २६५ जण आजारी पडले, १०५ गेले, आणि दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. बांगलादेशात हाच विषाणू डुकरांशिवाय आला. रात्री शिंदीच्या झाडाला मडकं बांधून रस गोळा करतात, वटवाघळं येऊन तो चाटतात आणि सकाळी तो कच्चाच प्यायला जातो. मडक्यावर बांबूची चटई बांधली की वटवाघूळ रसापर्यंत पोचत नाही. सार्स या श्वसनरोगात (२००२-०३) मधला दुवा बाजारात विकायला आणलेली जवादी मांजरं होती, मर्स या त्याच्यासारख्याच रोगात उंट.

नुसतं पोचून भागत नाही. विषाणूला नव्या यजमानाच्या पेशीचं दार उघडता यायला हवं, आत वाढता यायला हवं, आणि मग तिथून तिसऱ्याकडे जाता यायला हवं. बहुतेक विषाणू यातल्या कुठल्या तरी पायरीवर अडतात. तिन्ही पायऱ्या चढलेला एखादाच महासाथ होतो.

१२. बर्ड फ्लू माणसाला होतो, मग तो साध्या फ्लूसारखा का पसरत नाही?

वरच्या उत्तरातली तिसरी पायरी. पक्ष्यांच्या फ्लूचा विषाणू पेशीवरच्या ज्या खुणेला चिकटतो ती माणसाच्या फुप्फुसात खोल असते, नाका-घशात कमी. त्यामुळे लागण झाली तर आजार गंभीर होऊ शकतो, पण खोकल्या-शिंकेतून तो सहज बाहेर पडत नाही. १९९७ मध्ये हाँगकाँगला एच५एन१ या बर्ड फ्लूची लागण १८ जणांना झाली, त्यातले ६ दगावले, आणि साथ तिथेच थांबली.

काळजी वेगळीच आहे. फ्लूच्या विषाणूचा जनुकसंच आठ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच पेशीत दोन प्रकारचे विषाणू शिरले तर पत्ते पिसल्यासारखे तुकडे अदलाबदल होतात. डुकराच्या श्वसनमार्गात पक्ष्यांच्या आणि माणसांच्या, दोन्ही विषाणूंना प्रवेश असतो. २००९ च्या महासाथीचा विषाणू डुकरांमधूनच आला. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंना एच५एन१ ची लागण झाल्याचं दिसलं, तेव्हा शास्त्रज्ञांची झोप उडाली ती यामुळे: विषाणू अशा प्राण्यात शिरला होता जो रोज माणसाच्या हाताखाली असतो.

१३. यजमान मेला तर विषाणूचंच नुकसान. म्हणजे काळाबरोबर सगळे विषाणू सौम्य होत जातात ना?

हे वाक्य इतकं पटण्यासारखं आहे की डॉक्टरही बोलून जातात. ते अर्धंच खरं आहे.

ऑस्ट्रेलियात सशांचा सुळसुळाट झाला म्हणून १९५० मध्ये मिक्सोमा विषाणू सोडला गेला. दक्षिण अमेरिकेतल्या मूळ यजमान सशात तो जेमतेम एक गाठ उठवतो. युरोपीय सशांना मात्र त्याने शंभरात नव्याण्णवाहून जास्त मारलं. (त्याच सुमाराला तिथे माणसांत मेंदूज्वराची साथ आली आणि लोकांनी मिक्सोमाला दोष दिला. तेव्हा मॅकफार्लेन बर्नेट, फ्रँक फेनर आणि इयन क्लनीज रॉस या तीन शास्त्रज्ञांनी तो स्वतःला टोचून घेतला. काही झालं नाही.) थोड्याच वर्षांत विषाणू मवाळ झाला, पण कितपत? मधल्या पायरीपर्यंतच. फार लवकर मारणारा प्रकार डासांना चावायला वेळच देत नाही. फारच सौम्य प्रकाराने कातडीवर पुरेसे व्रण उठत नाहीत, डासाच्या सोंडेला काही लागत नाही. मधला जिंकला, आणि तो मधलाही बहुतेक सशांना मारतच होता. दरम्यान ससेही कणखर झाले, मग विषाणू पुन्हा जहाल होऊ लागला.

म्हणजे पसरण्यासाठी यजमान कितपत धडधाकट असावा लागतो, हे पाहायचं. सर्दीच्या विषाणूला तुम्ही हिंडते-फिरते हवे असता. डासाने पसरणाऱ्याला तुम्ही अंथरुणात पडलेले चालता. रेबीजचा यजमान शेवटी मरतो, पण तोवर चावून झालेलं असतं.

१४. मी जन्मापासून शाकाहारी. मग माझ्या मेंदूत डुकराचा पट्टकृमी कसा निघाला?

सगळ्यांत जास्त गोंधळ या एका प्रश्नावर होतो. टीनिया सोलियम या पट्टकृमीच्या दोन अवस्था आहेत आणि त्यांचे रस्ते वेगळे आहेत.

कच्चं किंवा अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं, त्यात अळीची पुटी असली, तर माणसाच्या आतड्यात लांब पट्टकृमी वाढतो. तो मेंदूत जात नाही. त्या माणसाच्या शौचातून मात्र अंडी बाहेर पडतात. ती अंडी डुकराने खाल्ली तर डुकराच्या स्नायूत पुट्या होतात, आणि चक्र पूर्ण. पण तीच अंडी दुसऱ्या माणसाच्या तोंडात गेली, न धुतलेल्या हातांवाटे, भाजीवाटे, पाण्यावाटे, तर शरीर डुकराच्या जागी माणसाचं, एवढाच फरक. पुट्या स्नायूत, डोळ्यात, मेंदूत होतात, आणि मेंदूतल्या पुट्यांमुळे आकडी येते. हा रोग मांस खाऊन होत नाही, कुणाच्या तरी आतड्यातल्या पट्टकृमीच्या अंड्यांनी होतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये डुकराला शिवतही नाहीत अशा सनातनी ज्यू समाजातल्या चौघांच्या मेंदूत या पुट्या सापडल्या होत्या. तपासात त्यांतल्या एका घरी कामाला असलेल्या व्यक्तीच्या आतड्यात पट्टकृमी निघाला.

उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या. मेंदूतल्या पुट्या एकदम मरून सूज येऊ शकते, त्यामुळे जंताचं औषध आपल्या मनाने घेणं इथे धोक्याचं आहे.

१५. कुत्रा चावला पण तो धडधाकट दिसतोय. दहा दिवस वाट पाहिली तर चालेल ना?

वाट पाहू नका. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. लस सुरू करून मग कुत्र्यावर लक्ष ठेवायचं असतं. दहा दिवसांमागचं कारण असं: लाळेत विषाणू येतो तो लक्षणांच्या फार तर काही दिवस आधी. चावला तेव्हा लाळेत विषाणू असेल तर कुत्रा दहा दिवसांत आजारी पडून मरतोच. हा नियम कुत्रा, मांजर आणि फेरेटसाठीच आहे. रानटी प्राण्यांना, वटवाघळांना तो लागू नाही. ओरखडा निघाला किंवा उघड्या जखमेवर चाटलं तरी दाखवायला हवं. उंदीर-घुशींकडून माणसाला रेबीज होणं अत्यंत दुर्मीळ. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने मरतात असा अंदाज आहे, आणि माणसांतली ९९ टक्के लागण कुत्र्यांमुळे होते. लक्षणं दिसल्यावर उपाय जवळपास उरतच नाही. विषाणू चेतातंतूंतून सावकाश चालतो, बहुधा दोन-तीन महिने. लस त्याच्या आधी पोचते ती या संथपणामुळे.

१६. आपल्याकडून प्राण्यांना रोग होतात का?

होतात. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या वाघिणीला कोविड झाला तो माणसाकडून. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये मिंक या फरसाठी पाळलेल्या प्राण्यांच्या फार्ममधून बदललेला विषाणू परत माणसांत आल्यावर देशातले सगळे मिंक मारायचा आदेश निघाला. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांमध्येही तो पसरला. डोंगरी गोरिलांना माणसाची साधी सर्दीही जिवावर बेतते, म्हणून पर्यटकांना त्यांच्यापासून लांब उभं करतात.

१७. देवी संपली, मग बाकीचे रोग का संपवता येत नाहीत?

प्राण्यांमध्ये साठा आहे का, हा पहिला प्रश्न. देवीचा विषाणू फक्त माणसात राहायचा. शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला, १९८० मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं. गुरांची बुळकांडी २०११ मध्ये संपली. तिचा साठा गुरांतच होता आणि लस उत्तम होती. पिवळ्या तापाची लसही उत्तम आहे, पण विषाणू जंगलातल्या माकडांत आणि डासांत फिरतो. माकडांना रांगेत उभं करता येत नाही.

नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून आत शिरून पायाच्या कातडीतून बाहेर येणारा जंत, याची गोष्ट चटका लावणारी आहे. १९८६ मध्ये वर्षाला सुमारे ३५ लाख रुग्ण होते. लस नाही, औषध नाही; पाणी गाळणं आणि रुग्णाला विहिरीत उतरू न देणं एवढ्यावर २०२३ मध्ये आकडा १४ वर आला. आणि शेवटच्या टप्प्यावर चाडमध्ये कुत्र्यांच्या पायांतून नारू निघू लागला. साठा नाही असं धरलेल्या रोगाला साठा सापडला.

१८. मग साठ्याचे प्राणीच मारून टाकले तर?

बहुतेकदा उलटं होतं. युगांडातल्या किटाका खाणीत कामगारांना मारबर्ग हा इबोलाच्या घराण्यातला विषाणू लागला म्हणून तिथली वटवाघळं संपवली गेली. काही वर्षांत नवी वटवाघळं येऊन वस्तीला राहिली, आणि त्यांच्यातलं लागणीचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त निघालं. मोठी, बरी होऊन प्रतिकारक्षम झालेली वटवाघळं गेली. जागा घेतली ती लागण न झालेल्या तरुणांनी.

माकडतापाबद्दलही हेच विचारतात. हा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडला. तो पसरवतात गोचिडी, माकडं त्याने स्वतःच मरतात. माकड मेलं की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि त्या जागी विषाणूचा अड्डा होतो. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवायचं असतं. मारून अशा मेलेल्या माकडांची संख्या वाढवण्यात काय हशील?

१९. आणि जगातले सगळेच परजीवी नष्ट केले तर?

कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियातल्या तीन खाड्यांत शास्त्रज्ञांनी परजीवींचं वजन मोजलं. पाण्यात सोडल्या जाणाऱ्या चपट्या कृमींच्या अळ्यांचं वर्षभरातलं वजन तिथल्या पक्ष्यांच्या वजनापेक्षा जास्त भरलं. एवढा मोठा हिस्सा काढून घेतल्यावर कोण कुणाला खाईल आणि कुणाची संख्या कुठे जाईल, हे आधी सांगता येत नाही.

एक परजीवी मात्र आपण नकळत संपवला. कॅलिफोर्निया काँडॉर हे गिधाड नामशेष होऊ नये म्हणून १९८७ पर्यंत उरलेले सगळे २७ पक्षी पिंजऱ्यात आणले. पक्षी निरोगी राहावेत म्हणून त्यांच्या अंगावर उवा मारायचं औषध मारलं गेलं. त्यांतली एक ऊ फक्त याच पक्ष्यावर राहायची. काँडॉर आज शेकड्यांनी आहेत. ती ऊ पुन्हा कुणाला दिसलेली नाही.